ओंजळीनंतरची दहा वर्षे

दरवर्षी २० मार्च आला की आपल्या वस्त्यांतून, विहारांतून आणि शाळांतून महाडच्या चवदार तळ्याचे स्मरण होते. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी उचलून प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारोंनी तेच केले, इथपर्यंत वक्त्याचे भाषण रंगत येते आणि बहुधा तिथेच संपते. त्या ओंजळीनंतर जे घडले ते रंगवून सांगण्यासारखे नाही. तो तारखांचा, कागदांचा, अपिलांचा काळ होता. २० मार्च १९२७ रोजी प्राशन केलेल्या पाण्याचा न्यायालयीन निवाडा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात झाला. दहा वर्षांना अवघे तीन दिवस कमी. या दहा वर्षांत बाबासाहेब कोण नव्हते? विधिमंडळाचे सदस्य, प्राध्यापक, गोलमेज परिषदेचे प्रतिनिधी, पक्षाचे संस्थापक, सर्व काही होते. आणि त्याच सर्व काळात ते एका दिवाणी दाव्यातील पहिल्या क्रमांकाचे प्रतिवादीही होते. त्यांच्या चरित्राची ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

या कथेचा आरंभ मात्र महाडला होत नाही, तो आपल्या साताऱ्यातच होतो.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने कुटुंबासह साताऱ्यास आले. साताऱ्यातच मातोश्री भीमाबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी आजही या शहरात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हजेरीपटाच्या रजिस्टरातील तो क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने हा दिवस पुढे विद्यार्थी दिन म्हणून जाहीर केला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी घडलेला प्रवास तितका ठाऊक नसतो.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या जागेवर होते. दुष्काळात भुकेल्या माणसांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता, त्या कामावर त्यांची नेमणूक होती. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना बोलावून घेतले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि थोरल्या बहिणीची दोन मुले असे चौघे नवे कपडे घालून साताऱ्याजवळच्या पाडळी स्थानकावर गाडीत बसले आणि संध्याकाळी मसूरला उतरले. निरोपाचे पत्र वडिलांच्या हाती पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने मोठ्या आपुलकीने चौकशी केली आणि मुलांनी आपली जात सांगताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाल्यांपैकी एकही तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देण्याचे ठरले आणि तेही अशा बोलीवर की गाडी मुलांनीच हाकायची व गाडीवानाने बाजूने चालायचे. बरोबर शिदोरी भरपूर होती. पाणी नव्हते. वाटेत जे सापडले ते गुरांच्या शेणामुताने गढूळ झालेले. मध्यरात्री जकात नाक्यावर त्यांनी पाणी मागितले, तेही मिळाले नाही. भरल्या शिदोरीसह उपाशीपोटी रात्र काढून ही मुले दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास गोरेगावी पोहोचली. वडील तळे खोदण्याच्या कामावर आणि मुलगा पाण्यावाचून, असा तो प्रसंग. बाबासाहेबांनी स्वतः पुढे आपल्या आठवणींत तो सविस्तर लिहून ठेवला आहे.

या रात्री कोणताही कायदा मोडला गेला नव्हता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलांना पाणी देऊ नये असा सरकारचा हुकूम नव्हता. पाणी द्यावे असाही नव्हता. जे होते ते एकाच शब्दात सांगता येते: रूढी. पुढे छत्तीस वर्षांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्या शब्दावर खल झाला तो हाच.

पुढील शिक्षणाचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस गेले. एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, लंडनचे अर्थशास्त्राचे विद्यालय आणि ग्रेज इन. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली मायदेशी परतले. वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे हाताशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राच्या साहाय्याने ती अडचण दूर झाली आणि जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत त्यांनी काम सुरू केले.

अपील शाखा म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाची त्या काळी दोन अंगे होती आणि आजही आहेत. एका अंगात खुद्द मुंबई शहरातील मोठे दावे थेट दाखल होत; तेथे सॉलिसिटर मंडळी बॅरिस्टरांना काम देत आणि ती मंडळी आपापल्या परिचयातल्यांनाच देत. महार जातीतून आलेल्या तरुण बॅरिस्टरकडे सॉलिसिटरांनी वळून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे अंग अपिलांचे. सातारा, पुणे, कुलाबा, खानदेश अशा जिल्ह्यांतून खालच्या कोर्टांचे निकाल पटले नाहीत म्हणून येणारी प्रकरणे तेथे चालत. जमिनीची वाटणी, दत्तक, वतन, गहाण, पाण्याचा पाट, देवस्थानचा मान. ग्रामीण महाराष्ट्राचे सारे भांडणतंटे या शाखेच्या कपाटांत बांधलेले असत. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडत, म्हणून तेथील माणसाचे अपीलही साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातून मुंबईस जाई. खुद्द सांगली, मिरज, जत ही मात्र संस्थाने होती व त्यांची न्यायव्यवस्था निराळी होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला, १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि दोन्ही जिल्ह्यांची वाट एकच झाली. ती वाट परवापरवापर्यंत मुंबईलाच जात होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा-सांगलीच्या पक्षकाराची एसटीची व मुक्कामाची ओढाताण कमी झाली. ज्यांच्या घरात एखादे अपील पडून आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

अपिलात साक्षीदार उभे राहत नाहीत. पुरावा खालच्या न्यायालयातच नोंदला गेलेला असतो; वरच्या न्यायालयापुढे येतो तो त्या पुराव्याचा कागदी गठ्ठा आणि त्यावर वकिलाचा तोंडी युक्तिवाद. न्यायाधीश मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. अमुक साक्षीत हे कोठे आहे, तमुक निवाडा तुम्हांला कसा लागू पडतो, तुमच्या म्हणण्याप्रमाणे निकाल दिला तर त्याचा शेवट कोठे होईल. पाठ करून आणलेले भाषण अशा वेळी निरुपयोगी ठरते. गठ्ठ्याचे पान न् पान ज्याला तोंडपाठ आहे आणि जुने निवाडे ज्याने मुळातून वाचले आहेत तोच तेथे टिकतो. वाचनाची बाबासाहेबांची बैठक किती दीर्घ होती ते आपण जाणतो. त्या बैठकीला शोभणारेच हे काम होते, असे मला वाटते.

तरीही प्रारंभीची वर्षे हलाखीची गेली. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. नाव झाले ते १९२६ साली. ब्राह्मणेतर चळवळीतील बागडे, जेधे व जवळकर यांच्यावर 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात बदनामीचा खटला झाला आणि खालच्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली. त्यावरील अपील सेशन्स कोर्टात बाबासाहेबांनी चालवले आणि ती शिक्षा रद्द झाली. खाली हरलेला खटला वर जिंकता येतो, हे त्या दिवशी पुण्याने पाहिले. पुढील वर्षी मात्र त्यांना स्वतःलाच पक्षकार व्हावे लागले.

महाडच्या प्रकरणाची कायदेशीर पार्श्वभूमी अशी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व सांभाळली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी केले नाही, कारण ते केल्यास काय होईल हे सर्वांना माहीत होते. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेने ते धाडस केले आणि जे व्हायचे तेच झाले. परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळे १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून शुद्ध करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठराव रद्द केला; बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी. हा योगायोग असेलही.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह पुकारला. विरोधकांनी त्या वेळी लाठी बाजूला ठेवली आणि कायद्याचा आश्रय घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला. तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क केवळ आम्हा स्पृश्यांचा आहे असे जाहीर व्हावे आणि अस्पृश्यांना कायमची मनाई व्हावी, अशी वादींची मागणी होती. प्रतिवादी पाच, आणि त्यांत पहिले नाव भीमराव रामजी आंबेडकर. दावा प्रातिनिधिक स्वरूपाचा होता: वादी सर्व स्पृश्यांच्या वतीने आणि प्रतिवादी सर्व अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. वादींनी हे केले ते एकाच हुकुमाने सर्वांना बांधून टाकावे म्हणून. अशा दाव्याचा निकाल प्रतिनिधींच्या मागे असलेल्या सर्वांना बांधतो, हा कायदा आहे. आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे.

दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. दावा निकाली निघेपर्यंत प्रतिवादींनी व त्यांच्या लोकांनी तळ्यावर जाऊ नये. परिषद तर २५ डिसेंबरला भरायची होती. गावोगावहून हजारो माणसे पायी महाडला निघाली होती.

त्या चार दिवसांतील बाबासाहेबांच्या मनःस्थितीची कल्पना करून पाहावी. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली म्हणून मंडप उभा राहिला होता. मंडपातील हजारो माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने आली होती. कित्येकांनी तशा प्रतिज्ञापत्रांवर नावे दिली होती. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले होते आणि मने पेटलेली होती. नेत्याने हात वर केला असता तर सारा समुदाय तळ्यात उतरला असता. कुलाब्याचे कलेक्टर येऊन दिवाणी न्यायालयाच्या हुकमाची आठवण देऊन गेले. अखेर बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. लोकांची मिरवणूक तळ्याभोवती शांतपणे फिरली आणि पाण्याला स्पर्श न करता मंडपात परतली.

या निर्णयावर त्या वेळी टीका झाली आणि आजही क्वचित होते. लोकांचा तडाखा हाताशी असताना कागदाच्या एका तुकड्यापुढे माघार का घ्यावी, असा तिचा सूर असतो. मला ती टीका पटत नाही. सरकार आपल्या बाजूने नव्हते असे नाही. ते निदान विरुद्ध उभे राहिलेले नव्हते. हुकूम मोडला असता तर तळ्याचा प्रश्न मागे पडून न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न पुढे आला असता, आणि पोलीस स्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले असते. शिवाय तात्पुरता हुकूम हा नावाप्रमाणेच तात्पुरता असतो. दुसरी बाजू ऐकण्यापूर्वी तो निघतो आणि ऐकल्यावर उठूही शकतो. झालेही तसेच. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी महाडच्याच न्यायालयाने तो मनाई हुकूम उठवला. मंडपातून परतलेल्या माणसांना दोन महिने वाट पाहावी लागली होती.

मूळ दाव्याचा निकाल मात्र लांबत गेला. साक्षी, नकाशे, नगरपालिकेची दप्तरे, जुनी कागदपत्रे. या मधल्या काळात बाबासाहेबांनी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात अध्यापन केले, सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभला आणि पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडन गाठले. ८ जून १९३१ रोजी महाडचे सबजज्ज व्ही. आर. सराफ यांनी दावा फेटाळला.

वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपिलात गेले. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा या दोहोंचा पुन्हा विचार होतो, म्हणून साऱ्या साक्षी पुन्हा तपासल्या गेल्या. दरम्यान दुसरी गोलमेज परिषद झाली, पुणे करार झाला, तिसरी परिषद झाली. ती संपून पाचेक आठवडे होतात न होतात तोच, ३० जानेवारी १९३३ रोजी, असिस्टंट जज्ज एस. एम. कैकिणी यांनी अपील फेटाळले. वादींची दुसरी हार. त्यांनी उच्च न्यायालयात दुसरे अपील दाखल केले आणि मग आणखी चार वर्षे गेली. या चार वर्षांत रमाबाई गेल्या. येवल्याची घोषणा झाली. बाबासाहेब विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, आणि १९३७ च्या आरंभी त्या पक्षाचे उमेदवार निवडून येऊन ते विधानसभेत दाखल झाले. प्राचार्य विद्यार्थ्यांना कायदा शिकवत होते आणि त्यांचे स्वतःचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या यादीत आपली पाळी येण्याची वाट पाहत होते.

दुसऱ्या अपिलाचा उंबरठा उंच असतो. तेथे पुराव्याची नव्याने मोजदाद होत नाही. कोण साक्षीदार खरा बोलला, कोण खोटा, हे खालच्या न्यायालयाने ठरवलेले वरचे न्यायालय सहसा बदलत नाही. कायद्याची चूक दाखवावी लागते. दोन न्यायालयांत हरलेल्या वादींच्या हाती त्यामुळे एकच दोर उरला होता आणि तो रूढीचा. वर्षानुवर्षे अस्पृश्यांनी या तळ्यावर पाणी भरलेले नाही, ही अनादी काळापासूनची रूढी आहे, आणि रूढीला कायद्याचे बळ असते, असा त्यांचा आधार होता. हा आधार अगदी पोकळ नव्हता. मंदिरप्रवेशाच्या दाव्यांत इंग्रज अमदानीतील न्यायालयांनी अशा रूढी मान्य केल्या होत्या. महाडचा निकाल विरुद्ध गेला असता तर प्रत्येक गावच्या पाणवठ्यावर त्याची नक्कल घेऊन कोणीतरी उभे राहिले असते.

प्रकरण न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड व न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे आले. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादेत महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी निकालपत्र दिले. अस्पृश्यांनी आजवर तेथे पाणी भरले नाही एवढे दाखवणे म्हणजे त्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध करणे नव्हे, असा त्याचा गाभा होता. मंदिराच्या बाबतीत दीर्घ वहिवाटीवरून जो निष्कर्ष काढता येईल तो एका मोठ्या उघड्या तळ्याला लावणे न्यायमूर्तींना योग्य वाटले नाही. हे तळे नगरपालिकेकडे निहित होते आणि मुसलमानही त्याचे पाणी वापरत होते, तेव्हा शिवाशिवीचा कडेकोट नियम तेथे पाळला जात होता असेही म्हणता येत नव्हते. अनादी रूढी सिद्ध झालेली नाही हा ठाण्याच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम झाला आणि अपील खर्चासह फेटाळले गेले. त्यापलीकडे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची पायरी होती, पण प्रकरण मुंबईतच संपले.

आपण जिंकलो. काय जिंकलो, हे निकालपत्र बारकाईने वाचल्यावरच कळते.

एक तर फेटाळलेल्या दाव्यात अंमलबजावणी करण्यासारखे काही नसते. वादीच्या बाजूने हुकूमनामा झाला तर तो दरखास्त देऊन न्यायालयाच्या बेलिफाकरवी अमलात आणता येतो. प्रतिवादीच्या बाजूने दावा फेटाळला गेला तर त्याच्या हाती खर्चाच्या रकमेपलीकडे वसूल करण्याजोगे काही पडत नाही. अस्पृश्यांना पाणी भरू द्या, असा हुकूम उच्च न्यायालयाने दिलेला नव्हता. तसा दावाच कोणी लावलेला नव्हता. त्यांना रोखण्याचा हक्क तुम्ही सिद्ध केला नाही, एवढेच स्पृश्यांना सांगितले गेले होते. घागर घेऊन तळ्यावर जाण्याचे काम पूर्वीइतकेच ज्याचे त्याच्याकडे राहिले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. समजा, अशी रूढी पुराव्याने सिद्ध झालीच असती, तर ती अन्यायकारक किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द ठरली असती काय? या प्रश्नाला न्यायमूर्तींनी हात घातला नाही. रूढीच सिद्ध झालेली नसल्याने त्याची गरज उरली नाही, आणि त्याबद्दल मत देण्याची आपली इच्छा नाही, असे त्यांनी नमूद केले. न्यायालयाच्या दृष्टीने हा संयम रास्तच होता; जो प्रश्न निकालास आवश्यक नाही त्याचे उत्तर देऊ नये, हा अपील न्यायालयांचा जुना दंडक आहे. आपल्या दृष्टीने पाहता मात्र दार किलकिलेच राहिले. पुढच्या एखाद्या गावात पुढच्या एखाद्या वादीने अधिक वृद्ध साक्षीदार आणि अधिक जुने कागद आणले असते, तर काय झाले असते? मसूर ते गोरेगाव या वाटेवर जिने चार मुलांना तहानलेले ठेवले त्या रूढीला न्यायालयाने अवैध म्हटलेले नव्हते. महाडमध्ये तिचा पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हटले होते.

हा फरक बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. दहा वर्षे ज्याने या दाव्याचा प्रत्येक टप्पा पक्षकार म्हणून सोसला त्याला, एकेका पाणवठ्यासाठी एकेक दावा आणि प्रत्येक दाव्याची तीन न्यायालये असा हिशेब मांडता येत होता. समाजाच्या किती पिढ्या तारखा घेण्यात गेल्या असत्या याचा अंदाज ज्याला हवा त्याने आपल्या तालुक्याच्या न्यायालयाबाहेरचे कोणतेही बाकडे पाहावे.

पुढील काही वर्षांत कायद्याची दिशा बदलू लागली. सार्वजनिक पाणवठ्यावर हरिजनांना मज्जाव करणे हा मुंबई प्रांतात १९४६ च्या अधिनियमाने गुन्हा झाला. १९४७ च्या ऑगस्टअखेरीस बाबासाहेब घटना परिषदेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. महाडच्या दाव्यात जे मुद्दे एकेक करून लढवावे लागले होते, ते संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागात एकामागून एक भेटतात. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेले किंवा सर्वसाधारण जनतेसाठी वाहिलेले कोणतेही तळे असो, तेथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अटकाव करता येत नाही. जगातल्या फार थोड्या राज्यघटनांना तळ्याचे नाव घेण्याची गरज पडली असेल. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरवले. घटना परिषदेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. अपील न्यायालयांचे अधिकार, सर्वोच्च न्यायालयापर्यंतची वाट, निकालाच्या पुनर्विलोकनाची सोय, आणि मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा कलम ३२ चा हक्क हे सारे त्याच ग्रंथात आहे. यांपैकी कलम ३२ हे बाबासाहेबांना संविधानाचे प्राणतत्त्व वाटत असे. महाडला खालपासून वर जायला दहा वर्षे लागली होती, हे ठाऊक असलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक होते.

यांत एक कलम असे आहे की ज्याची आठवण भाषणांतून फारशी होत नाही. ते कलम १३. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीपुरता शून्य होतो, असे ते सांगते. आणि कायदा या शब्दात काय काय येते याची व्याख्या देताना वटहुकूम, नियम यांच्या जोडीला आणखी दोन शब्द नोंदवते. ते शब्द म्हणजे रूढी आणि परिपाटी. रूढी अनादी असो वा कालची, तिचे साक्षीदार कितीही वृद्ध असोत, तिचे कागद मोडीत असोत वा फारसीत, ती माणसामाणसांत भेद करीत असेल तर तिला न्यायालयात उभे राहता येणार नाही. १७ मार्च १९३७ रोजी दोन न्यायमूर्तींनी ज्या प्रश्नावर मत देण्याचे टाळले होते, त्याचे उत्तर २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. त्या दिवशी बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते, आणि राजवाड्यातील शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर त्यांचे नाव नोंदले गेल्याला पन्नासावे वर्ष चालू होते.